पोखरा–जोमसोम : जाताना एकोणीस मिनिटं, येताना अकरा तास

नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या दर्शनाला जायचं ठरलं तेव्हा घरात प्रश्न एकच होता, आईचे गुडघे. मुक्तिनाथसाठी आधी जोमसोम गाठावं लागतं. पोखऱ्याहून जोमसोम रस्त्याने दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता दरीच्या काठाने. विमानाने तेच अंतर वीस मिनिटांचं. आत्या म्हणाली, "वीस मिनिटांत माझं विष्णुसहस्रनामसुद्धा पुरं होत नाही. वहिनी, विमानानेच जाऊ." आईनेही "वन्सं म्हणतात ते बरोबर" म्हणून मान हलवली आणि एप्रिलची तिकिटं काढली. परत येऊन आता पंधरा दिवस झालेत. त्या वीस मिनिटांच्या हिशेबात काय काय धरायला हवं होतं, ते आठवतंय तोवर लिहून ठेवते. माझ्यासारख्या वयस्क माणसांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिला दिवस : काठमांडू ते पोखरा

काठमांडूला उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा एवढीच पुढे आहे. फरक लहान म्हणून लोक काटे फिरवत नाहीत आणि मग सकाळच्या विमानांना गडबड होते. भारतातून विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधारवर भिस्त ठेवू नका.

काठमांडू–पोखरा सरळ रेषेत साधारण 145 किलोमीटर आहे, विमानाने पंचवीस-तीस मिनिटं लागतात. सगळे सांगतात त्याप्रमाणे आम्ही उजव्या हाताच्या खिडक्या मागून घेतल्या होत्या, कारण पश्चिमेला जाताना हिमालय त्या बाजूला असतो. पण दिसलं काहीच नाही. खाली राखाडी, वर राखाडी. एप्रिलमध्ये तराईत आणि डोंगरउतारांवर वणवे लागतात, त्यांचा धूर पोखऱ्याच्या खोऱ्यात येऊन साचतो. पहिला पाऊस पडेपर्यंत तो हलत नाही. फेवा तलावाच्या काठी संध्याकाळी बसलो तर पलीकडचा डोंगरही धूसर दिसत होता आणि हवेला जळक्या पाल्याचा वास होता.

लॉजवाल्या दाइंना (दाइ म्हणजे दादा) आत्याने विचारलं, "कल हवाई जहाज जाएगा ना?" त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बिहान देखेंगे, आमा." बिहान म्हणजे सकाळ. पुढचे चार दिवस हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला की आई घरी आल्यावरही सकाळला बिहान म्हणते आहे.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढला. सार्क देशांच्या नागरिकांना तो 1,000 नेपाळी रुपयांना मिळतो. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. पासपोर्ट आकाराचे फोटो चार-पाच तरी न्या.

दुसरा दिवस : पोखरा ते पोखराच

पहाटे साडेपाचला विमानतळावर पोचलो. छोट्या विमानांत सामान पंधरा किलोच्या आत ठेवलेलं बरं, हातातलं धरून. आमचं तेरा भरलं, त्यात आत्याची पूजेची पिशवीच दोन किलोंची.

सहाचं विमान साडेसहावर गेलं, साडेसहाचं आठवर. काचेच्या पलीकडे एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर उभं होतं. वैमानिक दोनदा बाहेर येऊन उत्तरेकडे बघून गेला. जोमसोमला स्वच्छ ऊन आहे असं फोनवर कळलं होतं, अडचण इथल्या धुराची होती. या मार्गावर वैमानिकाला डोंगर डोळ्यांनी दिसावा लागतो. दिसला नाही तर निघायचं नाही.

आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. काली गंडकीच्या खोऱ्यातल्या थकाली समाजाच्या, टुकुचे गावच्या, वय अठ्ठ्याहत्तर. मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली झेंडूची रोपं. मुलाकडे पोखऱ्याला राहून घरी निघाल्या होत्या. हिंदी आमच्यापेक्षा बरं बोलत होत्या. आईने विचारलं, पूर्वी तुम्ही कशा येत होता? त्या म्हणाल्या, लग्न झालं तेव्हा पायी आले, सहा दिवस. पुढे खेचरांचे तांडे असायचे, वरून तिबेटचं मीठ आणि लोकर, खालून धान्य. त्यांच्या सासऱ्यांचा तोच व्यापार. टुकुचे ही मिठाची मोठी पेठ होती, थकाली लोकांची भरभराट त्या मिठावर झाली. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतच्या गावांची नावं त्यांनी आईला बोटांवर मोजून दाखवली: घासा, दाना, तातोपानी, शिखा, घोडेपानी… आई एकेक नाव परत म्हणत होती.

साडेनऊला त्यांनीच पिशवी उचलली. "अब हावा चल गया होगा. आज नहीं जाएगा." दहा मिनिटांनी काउंटरवर तेच जाहीर झालं.

हा वारा समजून घेतल्याशिवाय जोमसोमचं तिकीट काढू नये असं आता माझं मत झालंय. दिवस वर आला की मुस्तांगचा, म्हणजे जोमसोम ज्यात येतं तो उघडा-बोडका प्रदेश तापतो, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि ती जागा भरायला दक्षिणेकडची हवा धावते. तिला वाट एकच, काली गंडकीची घळ. एका बाजूला 8,167 मीटरचा धवलागिरी, दुसऱ्या बाजूला 8,091 मीटरचं अन्नपूर्णा, दोन्ही शिखरांमध्ये अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. एवढ्या फटीतून अख्ख्या खोऱ्याची हवा घुसते. दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत जोमसोमच्या धावपट्टीवर असा वारा असतो की विमानं उतरतच नाहीत. म्हणून सगळी उड्डाणं पहाटे ते साडेनऊ-दहापर्यंत. त्या तीन-चार तासांत इकडचा धूर किंवा ढग हटले तर विमान, नाहीतर उद्या.

आत्या चिडली होती, एक दिवस फुकट गेला म्हणून. मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पण माझ्या डोक्यात 29 मे 2022 होती. याच मार्गावरचं विमान त्या दिवशी डोंगरावर आदळलं, 22 माणसं गेली, त्यांत ठाण्याचं एक चौघांचं कुटुंब होतं. दोनदा बाहेर येऊन डोंगर दिसत नाही म्हणून परत आत गेलेल्या त्या वैमानिकाचे मला मनापासून आभार मानावेसे वाटले. रद्द झालेल्या विमानावर रागावू नका, आणि पुढेमागे एकेक दिवस मोकळा ठेवल्याशिवाय या प्रवासाला निघूच नका. आमच्याकडे दोन मोकळे दिवस होते, म्हणून सगळं पार पडलं.

दुपारी झोप काढली. रात्री वीज चमकली आणि अर्धा तास धो धो पाऊस पडला.

तिसरा दिवस : एकोणीस मिनिटं

पहाटे खिडकी उघडली आणि आईला हाक मारली. माच्छापुच्छ्रे. काल जिथे राखाडी भिंत होती तिथे ते टोकदार शिखर इतकं जवळ उभं होतं की आई दोन पावलं मागे सरली. 6,993 मीटर उंची, आणि आपण उभे आहोत जेमतेम आठशे मीटरवर. मध्ये अडवायला काहीच नाही.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी चाकं सुटली. मी घड्याळ लावलं, आत्याने "शुक्लांबरधरं" सुरू केलं. हवाई सुंदरीने गोळ्या आणि कानात घालायला कापूस दिला. कापूस घ्या, पंख्यांचा आवाज मोठा असतो.

पोखरा ते जोमसोम सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे काठमांडू–पोखऱ्याच्या निम्मं. वेळ मात्र निम्मा होत नाही. विमानाला आधी चढावं लागतं, कारण वाटेत घोडेपानीची जवळजवळ 2,900 मीटरची खिंड आडवी येते, आणि ती ओलांडली की सरळ रेषा सोडून नदीच्या वळणांमागून जावं लागतं. घोडेपानीवरचं जंगल खाली लाल दिसत होतं. लालीगुराँस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुलले होते. आजींनी काल मोजलेली गावं आता खालून एकेक मागे पडत होती, पण ओळखणार कोण? आजी तर उड्डाण होताच झोपल्या होत्या, रोपं मांडीवर घट्ट धरून.

मग दोन्ही बाजूंनी भिंती आल्या. विमानातून डोंगर खाली बघायची सवय असते. इथे मान वर करावी लागते. डावीकडे धवलागिरीचा बर्फ, उजवीकडे निलगिरी हे इथलं हिमशिखर, आणि आपण मधल्या दरीत. कुठली बाजू मागायची असं विचाराल तर दोन्ही चांगल्या. आईचा हात माझ्या मनगटावर होता, घड्याळ त्याच हातात, म्हणून मला पुढची काही मिनिटं काटा दिसलाच नाही.

उजवीकडे वळलो, दगडी घरं दिसली, आणि चाकं टेकली. सहा चव्वेचाळीस. एकोणीस मिनिटं. धावपट्टी पाऊण किलोमीटरही नाही, विमान लगेच थांबतं. आत्याचं सहस्रनाम सहाशेच्या पुढे कुठेतरी होतं. तिने डोळे उघडले नाहीत. पंखे थांबले, दार उघडलं, थंडी आत आली, सगळे उतरले. आम्ही आणि हवाई सुंदरी थांबलो. बाईने घाई केली नाही, हे मी विसरणार नाही. तेवढ्यात खालून सामानवाल्याने हाक दिली आणि आत्या स्वतःच उठली. राहिलेलं तिने धावपट्टीच्या कडेला उभं राहून पुरं केलं.

सगळ्यात मोठा धक्का हवेचा नव्हता, रंगाचा होता. मागे सगळं हिरवंगार, पुढे पिवळट माती, दगड, वाळू. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणदेशाची उजाड माळरानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन कळेल. पोखऱ्याजवळच्या लुमले गावात वर्षाला 5,000 मिलिमीटरवर पाऊस पडतो, जोमसोमला 300 सुद्धा नाही. ढग अन्नपूर्णा-धवलागिरीच्या अलीकडेच रिते होतात.

एकोणीस मिनिटांत आपण आठशे मीटरवरून पावणेतीन हजारांच्या जवळ येतो, शरीराला ते इतक्या लवकर कळत नाही. दहाच्या सुमाराला आईचं डोकं जड झालं. म्हणून सांगते, विमानाने आलात तर त्याच दिवशी मुक्तिनाथला धावू नका. तो आणखी हजार मीटर वर आहे. आम्ही खोलीत राहिलो, गरम पाणी पीत. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषधं बरोबर घ्या.

अकरा वाजता वारा आला. आधी शिट्टीसारखा, मग पत्रे वाजायला लागले. चौकातली माणसं तोंडाला फडकी बांधून तिरकी चालत होती. मला काल रद्द झालेलं विमान आठवलं आणि आजींची उचललेली पिशवी.

जेवण थकाली. मालकीणबाईंना सगळे दिदी म्हणायचे, आम्हीही म्हणालो. भात, काळ्या उडदाची डाळ, गुंद्रुक (आंबवून वाळवलेला पाला), मुळ्याचं लोणचं. डाळीला जिम्बूची फोडणी. ही कांद्याच्या जातीची रानपात असते, वाळवून ठेवतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आधीच सांगावं. लोणच्यात टिमुर होतं. जीभ जराशी बधिर झाली आणि आई म्हणाली, "अगं, हे तर तिरफळ!" खरंच, टिमुर आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले. आईने दिदींकडून मूठभर बांधून घेतलं.

चौथा दिवस : कागबेनी आणि मुक्तिनाथ

पहाटे साडेपाचला जीप. आधी कागबेनी, कारण बाबांचं श्राद्ध करायचं होतं. इथे झोंग खोला काली गंडकीला मिळते आणि त्या संगमावर पितरांसाठी पिंड देण्याची प्रथा आहे. वारा उठायच्या आत हे काम करावं, नाहीतर दर्भ हातात राहत नाही. गुरुजी नेपाळी होते. गोत्र, नाव विचारलं. मुलगी करणार का, असा प्रश्न येईल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही, जवाचं पीठ आणि तीळ माझ्या हातात दिले. आत्या मागे उभी होती. धाकटा भाऊ होता तो तिचा. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखत होती, तरी तिने ओंजळ तीनदा भरली.

नदीकाठी मुलं काळे गोटे विकत होती, काही फोडून दाखवायची. आत चक्र. हेच शाळिग्राम. ते अमोनाइट नावाच्या सागरी जिवांचे जीवाश्म आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता तेव्हाचे. घरच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्णाशेजारचा गुळगुळीत काळा दगड मी लहानपणापासून पुसत आलेय. तो समुद्राच्या तळातून या उंचीवर आणि इथून आमच्या देव्हाऱ्यात आला, हे तिथे वाळूत बसून नव्याने कळलं.

राणीपौवापर्यंत जीप जाते, पुढे अर्ध्या तासाची चढण आणि पायऱ्या. घोडे मिळतात, आईसाठी केला. आत्या चालली, दर पन्नास पावलांवर थांबत. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर आहे, घाई केली की श्वास लागतोच. मंदिर लहान, पॅगोडाच्या घडणीचं. मागे अर्धवर्तुळात 108 धारा, गोमुखांतून पडणारं बर्फाचं पाणी. तरुण पोरं ओरडत एका दमात पळत जात होती. आम्ही बोटं लावून डोळ्यांना पाणी लावलं, तेवढ्याने समाधान झालं. गाभाऱ्यात बौद्ध भिक्षुणी होत्या. वैष्णवांच्या 108 दिव्य देशांमधलं, म्हणजे विष्णूच्या पवित्र क्षेत्रांमधलं हे एक, आणि तिबेटी लोकांना हीच मूर्ती अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची. आत्याने तुळशीची वाळलेली पानं घरून आणली होती. भिक्षुणीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि मूर्तीच्या पायांशी ठेवली.

जवळच ज्वालामाईचं देऊळ आहे. पाण्याच्या आवाजाशेजारी जमिनीतून येणाऱ्या वायूची निळी ज्योत जळते. वाकून बघावं लागतं, चुकवू नका.

पाचवा दिवस : अकरा तास

जोमसोमला लख्ख ऊन होतं. निलगिरी आरशासारखा. तरी विमान नाही, कारण ते पोखऱ्याहून यायला हवं आणि पोखऱ्यात पुन्हा धूर. साडेनऊला रद्द. मोकळा उरलेला एकच दिवस होता, दुसऱ्या दिवशीही असंच झालं असतं तर काठमांडूचं विमान चुकलं असतं. आईला विचारलं. म्हणाली, "चल, जीपने जाऊ. त्या आजी सहा दिवस चालल्या होत्या."

दहाला निघालो. मार्फ्यात सफरचंदाच्या बागांना पांढरा बहर आला होता, वाळवलेल्या फोडी घेतल्या. टुकुचेत आजींचं घर शोधायला वेळ लागला नाही, दारात झेंडू लावलेले होते, मुळांभोवतीची माती अजून ओली. जव भाजून केलेलं चम्पा आणि चहा. आईने त्यांना टिकल्यांचं पाकीट आणि आपली शाल दिली. त्यांनी आईच्या गुडघ्यांना हात लावून काहीतरी पुटपुटलं, ते आम्हाला समजलं नाही, विचारलंही नाही.

लार्जुंगला नदीचं पात्र मैलभर रुंद, आणि वर धवलागिरीची हिमनदी लोंबकळलेली. कालोपानीला पाइनची झाडं दिसली. घासाच्या खाली रस्ता दगडांत कोरलेला, एका बाजूला काली गंडकीचा नुसता आवाज. इथे आई डोळे मिटून होती. ड्रायव्हर दाइ तिला दर वळणाआधी सांगायचे, "आमा, अब थोडा हिलेगा." रुप्से धबधब्याचे तुषार काचेवर आले. तातोपानीला केळीची झाडं दिसली. सकाळी सफरचंद, दुपारी केळी, एकाच नदीकाठी. तिथल्या गरम पाण्यात अर्धा तास आईने पाय सोडले आणि मग ती बोलायला लागली.

बेनीनंतर डांबर, पण अंधारही. लुमलेजवळ पाऊस लागला. रात्री नऊला पोखरा. रस्त्याने यायचं असेल तर सकाळी सहाला निघा, विमानाची वाट बघत दहा वाजवू नका. बेनीपर्यंतचा रस्ता उजेडात संपलाच पाहिजे. कमरेला पट्टा, उलटीची गोळी आणि पुढची सीट वयस्क माणसांना. रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, रद्दचा शिक्का तिथल्या काउंटरवरच घ्या.

सहावा दिवस

पावसाने धूर धुऊन गेला होता. गच्चीवर चहा मागवला. सहा वीसला ट्विन ऑटरचा आवाज आला, डोक्यावरून उत्तरेला गेलं. आत्याने घड्याळ बघितलं, मग तिघी माच्छापुच्छ्रेकडे बघत बसलो. आईने पाय खुर्चीवर घेतले होते, गुडघ्यांना तातोपानीची माती अजून लागलेली होती.

चहा यायला उशीर झाला. मुलगा ट्रे घेऊन आला तेव्हा आत्या म्हणाली, "वहिनी, उतरले असतील ते."